पिसाराईचा चेहरा

लंका तिसरीपर्यंत माझ्या शेजारी तरटावर बसायची. पाढे तिचे माझ्याआधी पाठ व्हायचे, आणि मधल्या सुट्टीत चिंचा पाडायला झाडावर तीच चढायची. मग ती देवी झाली, म्हणजे तिला देवी केलं गेलं, आणि तिला नावाने हाक मारायची मला बंदी झाली. पळसदऱ्यातल्या सगळ्यांसारखी मीही तिला ‘आई’ म्हणू लागले. तिचं वय तेव्हा नऊ होतं, माझंही नऊच.

आमचं पळसदरा खर्ड्यापासून आत, डोंगराला चिकटून आहे. गावावरच्या टेकाडावर दोन खोल्यांची एक दगडी इमारत आहे, तिला किनसायबाची मठी म्हणतात. क्विन नावाचा हा साहेब आयर्लंडचा. तो कलेक्टर नव्हता, पाद्रीही नव्हता. कवी होता. इतरांना न दिसणारं आपल्याला दिसतं, असं तो सांगायचा: झाडाआड उभी राहिलेली उजेडाची माणसं, पाण्यावरून चालत येणाऱ्या ज्योती. पहिलं महायुद्ध संपल्यावर तो नाथपंथी गोसाव्यांच्या शोधात या भागात आला, डोंगरातल्या एका गोसाव्यापाशी राहिला, आणि मग त्याने ही मठी बांधून घेतली. आतल्या खोलीच्या चारही भिंती त्याने स्वतःच्या हाताने रंगवल्या. जांभळ्या डोंगरांची रांग, तळं, तळ्यात होडी, होडीतल्या माणसांच्या डोक्यांतून धूर निघावा तसा निघालेला उजेड. समोरच्या भिंतीवर मात्र एकच उभी आकृती, पार छताला टेकलेली. लांबट तोंड, सरळ नाक, अर्धे मिटलेले डोळे, आणि कपाळातून उसळलेल्या ज्वाळा मोराच्या पिसाऱ्यासारख्या पसरलेल्या. बाई आहे की पुरुष, पटकन सांगता येत नाही. साहेबाने त्याचा अर्थ कुणाला सांगितला असेल तर तो गोसाव्याला. गावाने आपला आपण अर्थ लावला.

साहेबाकडे भाकऱ्या थापायला लंकाची पणजी जायची. तिचं नाव बनुबाई. तरुण विधवा, तोंड लांबट, नाक सरळ. गाव म्हणालं, साहेबाने बनुबाईला भिंतीवर काढली. यापुढे आणखी काही म्हणायची गरजच पडली नाही. पाणवठ्यावर बायका तिला वाट देईनात. साहेब तापाने मेला, खर्ड्याच्या वाटेवर कुठेतरी पुरला गेला, पण बनुबाई मरेपर्यंत ‘भिंतीवरची’ राहिली. तिच्या मुलाच्या लग्नाला सख्खे पाहुणे आले नाहीत. माझी आजी भांडण झालं की लंकाच्या घरच्यांना ‘भिंतवाले’ म्हणायची. आमच्याकडे ती शिवी होती.

ती शिवी एका गारपिटीत फिरली. ज्वारीच्या काढणीचे दिवस होते. टेकाडाखालच्या शेतात सगळे कामाला, आम्ही पोरं बांधावर. अचानक गारा सुरू झाल्या, लिंबाएवढ्या. माणसं मिळेल ते डोक्यावर धरून मठीत घुसली. लंकाच्या अंगात दोन दिवसांपासून ताप होता, तरी तिची आजी तिला घरी एकटी ठेवायला नको म्हणून शेतात घेऊन आली होती. ती भिजलेली, थरथरत, त्या मोठ्या चित्राखाली भिंतीला टेकून उभी होती. तापाने डोळे अर्धे मिटलेले. मी तिच्या शेजारीच होते, तिचा हात माझ्या हातात होता आणि तो भाजत होता. वीज चमकली की खोलीभर उजेड व्हायचा. समोर बसलेली एक म्हातारी एकदा भिंतीकडे बघायची, एकदा लंकाकडे.

“आगं बया, ह्यी तर तीच हाय,” म्हातारी म्हणाली आणि गुडघ्यांवर सरकत पुढे येऊन तिने लंकाच्या पायांवर डोकं ठेवलं.

बाहेर शेळ्या मेल्या, एका म्हाताऱ्याचा हात मोडला. मठीत आलेल्या कुणाला खरचटलंसुद्धा नाही. दगडी छपराखाली कुणाला का लागेल? पण आठवड्याभरात आसपासच्या वाड्यांवर बातमी गेली होती, की भिंतीवरची पिसाऱ्याची आई, पिसाराई, जागी झाली, भिंतवाल्यांच्याच घरात पुन्हा जन्माला आली.

लंकाचा बाप आदिनाथ दर दिवाळीनंतर बायकोला घेऊन ऊस तोडायला जायचा आणि उन्हाळ्यात परत यायचा. पोरं तेवढे महिने आजीपाशी. त्याचा एक खांदा कायमचा खाली गेला होता. मोळ्या वाहून वाहून त्या माणसाची छाती आत बसली होती. मी त्याला दुष्ट म्हणणार नाही. देवदेव करणारा, भित्रा, दमलेला माणूस होता तो. तो आधी खरोखरच मुलीच्या पाया पडला असेल, असं मला वाटतं. पण त्या वर्षीच्या नवरात्रात त्याने लंकाला मठीत चौरंगावर बसवलं, आणि दिवाळीनंतर तो ऊसतोडीला गेला नाही. पुढे कधीच गेला नाही.

देवी होण्याचे नियम चित्रावरून ठरले. चित्रातल्या तोंडाचे ओठ मिटलेले होते, म्हणून लंकाने चौरंगावर बोलायचं नाही. डोळे अर्धे मिटूनच ठेवायचे. केसांना कातर नाही, फणी नाही, तेल नाही. शाळा तर पहिल्याच आठवड्यात सुटली. मंगळवारी, शुक्रवारी आणि पुनवेला लोक यायचे, आपलं गाऱ्हाणं मांडायचे, लंका मोरपिसांचा झुपका त्यांच्या डोक्याला लावायची, आणि आईच्या मनात काय आहे ते आदिनाथ सांगायचा. तेरा-चौदा वर्षांची होईपर्यंत तिच्या डोक्यावर जट झाली होती, आधी टाळूवर पेंडीसारखी, मग पाठीवर, मग कमरेखाली. ओली झाली की चार-चार दिवस वाळायची नाही, वास यायचा. झोपताना ती उशाला वेगळी ठेवावी लागायची. मी कधी भेटायला गेले आणि आसपास कुणी नसलं, तर ती आधी मान चोळून द्यायला सांगायची.

अजिनाथ नावाचा एक जण जामखेडहून टेम्पोत भाविक घेऊन यायचा. भाविक आत गेले की तो बाहेर कठड्यावर बसून राहायचा. पुढे पुढे तो रिकामा टेम्पो घेऊनही येऊ लागला. त्याने लंकाला कधी हात जोडले नाहीत, एवढंच तिला त्याच्यात आवडलं असावं. एकदा त्याने तिला विचारलं, “तुमाला ह्ये सगळं खरं वाटतं का?” ती म्हणाली, “मला इचारलंच न्हाई कुनी.” त्याने सरळ आदिनाथकडे जाऊन मागणी घातली. आदिनाथने आरडाओरडा केला नाही. त्याने फक्त दुसऱ्या दिवशी चार माणसांना सांगितलं, की आईला बाटवायला एक जण आलाय. अजिनाथला खर्ड्याच्या चौकात टेम्पोतून ओढून मारलं. तो सुप्याला एका कंपनीत लागला, तिकडेच लग्न केलं. लंकाने मला हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघी तिशीत होतो, माझी दोन बाळंतपणं झाली होती, आणि मी गावात अंगणवाडीची सेविका झाले होते.

आदिनाथ वारल्यावर लंकाचा धाकटा भाऊ अंगद सगळं बघू लागला. तो बापापेक्षा हुशार. त्याने मठीपुढे पत्र्याचं शेड घातलं, भोंगे लावले, रस्त्यावर लंकाचा मोठा फ्लेक्स लावला. ओल येते म्हणून खालच्या भागाला गुलाबी फरशी बसवून घेतली, त्यात साहेबाचं तळं आणि होडी गेली. होडीतल्या माणसांची डोकी तेवढी फरशीच्या वर राहिली. अंगद चारचौघांत बहिणीला ‘आई’ म्हणायचा, आणि घरात काहीच म्हणायचा नाही.

अशी चाळीस वर्षं गेली. मग त्या दोघी आल्या.

थंडीचे दिवस होते. अंगद कामाला जामखेडला गेलेला. एक गाडी थेट माझ्या अंगणवाडीपुढे थांबली आणि आतल्या दोघी मठी कुठे, असं विचारू लागल्या. एक बाई नुआला नावाच्या, आयर्लंडच्या, साठीकडे झुकलेल्या, उन्हाने लाल झालेल्या. दुसरी पुण्याची स्नेहल, त्यांचं बोलणं मराठीत करून सांगणारी. मी त्यांना वर घेऊन गेले. आतल्या खोलीत पाऊल टाकल्यावर नुआलाबाई एकेका भिंतीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. मग फरशीवर हात फिरवून त्या रडल्या. स्नेहलने मला समजावलं, की त्या आयुष्यभर याच कवींचा अभ्यास करत आल्यात, आणि क्विनच्या या भिंती अजून उभ्या आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं.

तो वार बसण्याचा नव्हता. लंका मागच्या पडवीत होती. आवाज ऐकून ती जट हातावर घेऊन दारात आली. नुआलाबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग भिंतीकडे, आणि त्यांच्या तोंडून बारीक आवाज निघाला. गारपिटीत त्या म्हातारीला मी जसं बघितलं होतं, अगदी तसंच.

त्यांनी पिशवीतून टॅब काढला आणि एक फोटो दाखवला. स्नेहल सांगू लागली. “डब्लिन शहरात एक घर आहे. तिथे काही तरुण कवी जमायचे. आत्मा, पुनर्जन्म, न दिसणारे लोक यांचा अभ्यास करायचे, आणि ध्यानात जे दिसलं ते घराच्या भिंतींवर काढायचे. क्विन त्यांच्यातला सगळ्यात लहान. हे त्याने तिथे काढलेलं.”

फोटोतली भिंत फिकी, पोपडे आलेली. पण तीच आकृती. तेच लांबट तोंड, तेच नाक, तेच डोळे, पिसाऱ्याची एक ज्वाळा डावीकडे वाकलेली, तीसुद्धा तशीच.

लंकाने टॅब हातात घेतला. अंगदच्या पोरीला करताना बघितलं असेल तसं दोन बोटांनी ताणून तिने तोंड मोठं केलं.

“ह्ये कवाचं हाय?” तिने विचारलं.

“इथलं चित्र काढायच्या कितीतरी आधीचं,” स्नेहल म्हणाली. “तेव्हा क्विन भारतात आलाही नव्हता.”

“मंग ही बाई कोन?”

नुआलाबाई बराच वेळ बोलल्या. स्नेहलने ते आवरून सांगितलं. “ती बाई नाही मावशी. माणूसच नाही. त्यांच्याकडच्या एका तळ्याकाठी ती आपल्याला दिसली, असं क्विन म्हणायचा. मग जिथे जाईल तिथे तो तिलाच काढत राहिला. कवितांमध्येही तीच आहे.”

“आन् आमची बनुबाई?”

दोघींनाही ते नाव माहीत नव्हतं. मी म्हणाले, साहेबाच्या भाकऱ्या करायची ती, लंकाची पणजी. स्नेहलने विचारलं, नुआलाबाई आठवू लागल्या, मग त्यांनी मान हलवली.

“क्विनने इथल्या डोंगरांवर लिहिलंय,” स्नेहल म्हणाली. “गोसाव्यावर लिहिलंय, मोरांवर लिहिलंय. स्वयंपाक करणाऱ्या बाईबद्दल कुठे काही नाही.”

“मोरांवर लिव्हलंय,” लंका म्हणाली.

नुआलाबाईंनी विचारलं, चित्राखाली उभ्या राहाल का, एक फोटो घेते, साम्य विलक्षण आहे. लंका उभी राहिली. त्यांनी खूप फोटो घेतले. आभार मानले. पुन्हा येऊ म्हणाल्या, या भिंतींना कुणी हात लावू नये म्हणून सरकारला कळवू म्हणाल्या. त्या चांगल्या बाई होत्या. एका चौरंगावर ही बाई इतकी वर्षं का बसली आहे, हे विचारायचं तेवढं त्यांना सुचलं नाही.

गाडी गेल्यावर लंका कठड्यावर बसली. मी म्हणाले, मनाला लावून घेऊ नको. ती म्हणाली, “बनुबाईला पान्यावर जाऊ दिलं न्हाई. मला शाळंत जाऊ दिलं न्हाई. आन् ती आमच्यातली कुनी न्हवतीच, रतन.”

मग मान चोळत म्हणाली, “कातर हाय का तुज्याकडं?”

“आंगद काय म्हनंल?”

“मान आंगदाची दुखती का माझी?”

मी तिला अंगणवाडीत आणलं. माझ्याकडची कागद कापायची कात्री त्या जटेत रुतली आणि वाकली. मग मी शेजारच्या धनगरवाड्यावरून मेंढरं कातरायची कातर मागून आणली. अंगणवाडीतली पोरं घरी गेली होती. दार लावून घेतलं. जट मुळाशी दगडासारखी होती, खाली कातडी फुटलेली, काही ठिकाणी पाणी सुटलेलं. तिला खूप लागलं असणार, पण इतकी वर्षं न बोलण्याची सवय होती. जट जमिनीवर पडली तेव्हा मेलेलं जनावर पडावं तसा आवाज झाला. लंकाने मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली.

“पडते की काय आसं वाटतंय,” ती म्हणाली. मग तिने डोक्यावरून पदर घेतला आणि घरी गेली.

शुक्रवारी लोक जमले. अंगदने तिला बरंच समजावलं होतं, पदर पुढे ओढून बस, कुणाला कळणार नाही. ती चौरंगावर बसली आणि तिने पदर मागे टाकला. मी शेडमध्ये मागे उभी होते.

“मी ती न्हाई,” ती म्हणाली. इतक्या वर्षांत चौरंगावरून तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. तो घोगरा होता. “ही भिंतीवरली आमच्या घरातली न्हाई. ती साहेबाच्या देशातली हाय. तिकडंबी तिचं चित्र हाय, म्या बघितलं. माझ्यात काई न्हाई. तुमी घरी जावा.”

कुणीच जागचं हललं नाही. मग पुढे बसलेला एक जण म्हणाला, “मंग आमचं पोरगं कुनी दिलं?”

“तुमच्या बायकूनं,” लंका म्हणाली.

त्याची बायको त्याच्या शेजारीच बसली होती. तिने खाली मान घातली. एक म्हातारी हात जोडून म्हणाली, “आई, आमची परीक्षा बघू नगंस.” दुसरी कुणी म्हणाली, आई बोलली, आज आई बोलली, आणि मग सगळं शेड पुढे सरकलं, पायांवर पडायला. लंका पाय वर ओढून घेत होती आणि लोक ते खाली ओढत होते. मी तिच्याकडे बघू शकले नाही.

अंगदने ते सावरलं. त्याने भोंग्यावरून सांगितलं, आक्काने केस कापले त्याच दिवशी आईने ही कुडी सोडली, आता ती ज्या कुडीत जाईल तिची वाट बघा. वाट फार बघावी लागली नाही. पुढच्याच पुनवेला अंगदची मुलगी अश्विनी जरीचा परकर-पोलका घालून चौरंगावर बसली. अकरा वर्षांची, पाचवीत शिकणारी. तेच तोंड, तेच नाक. घराण्याची ठेवण होती, जाणार कुठे?

लंका आधी भावजयीकडे गेली. राजेश्वरी तिचं नाव. ती चुलीपुढे भाकरी करत होती. लंका म्हणाली, पोरीला शाळेत पाठव, मला बसव पाहिजे तर परत.

“लोक तुमाला आता मानायचे न्हाईत,” राजेश्वरी म्हणाली. “वन्सं, तुमी लहानपनी बसल्या. तुमी कारखाना पाह्यला न्हाई. म्या पाह्यलाय, माझ्या आईसंगं. माझी भन उसाच्या फडात जल्मली आन् फडातच गेली. आईनं तिला बांधावर पुरली आन् दुपारून मोळ्या बांधल्या. माझ्या पोरीनं सावलीत बसून खाल्लं तर तुमचं काय जातं?”

“तिचं लगीन व्हनार न्हाई.”

“माझं झालं,” राजेश्वरी म्हणाली. “काय मिळालं?”

मला हे सांगताना लंका तिच्यावर चिडलेली नव्हती. “ती खरं बोलली,” म्हणाली. “पन माझंबी खरं हाय. आता ह्या दोन्हीचं काय करू?”

मी अंगणवाडीच्या सुपरवायझर मॅडमांना सांगितलं, शाळेच्या गुरुजींना सांगितलं. गुरुजी अंगदला भेटून आले. पोरगी फक्त सुट्टीच्या दिवशी बसते असं अंगदने सांगितलं, आणि गुरुजींच्या हातात प्रसादाचा नारळ ठेवला. अश्विनीच्या केसांना फणी लागायची बंद झाली.

एका बाजारच्या दिवशी भर दुपारी, अंगद आणि राजेश्वरी खर्ड्याला गेलेले असताना, लंका खुरपं घेऊन मठीत गेली. दिव्याच्या माळा लावायची शिडी तिथेच होती. अश्विनी चौरंगावर झोपली होती. शिडी भिंतीला लावून लंका वर चढली आणि तिने त्या आकृतीचं तोंड खरवडायला सुरुवात केली. पापुद्रे पोरीच्या अंगावर पडले तशी ती जागी झाली आणि धावत गावात आली. आम्ही वर पोचलो तोवर झालं होतं. कपाळापासून हनुवटीपर्यंत नुसता काळा दगड दिसत होता. पिसाऱ्याला तिने हात लावला नव्हता. ती शिडीच्या खालच्या पायरीवर बसून होती, हात कोपरापर्यंत जांभळे-निळे.

कुणीतरी तिच्या अंगावर धावून जाईल असं मला वाटलं होतं. कुणी गेलं नाही. सगळे घाबरले होते. अंगद संध्याकाळी आला, भिंतीकडे बघून म्हणाला, “आक्का, आता खायचं काय आमी?”

स्नेहलचा फोन आला. कुणीतरी व्हिडिओ पाठवला होता. मी मोबाईल लंकाच्या कानाला लावला. नुआलाबाई मागे रडत होत्या. स्नेहल म्हणत होती, तिकडचं चित्र जवळजवळ पुसलं गेलंय, जगात हे एकच नीट राहिलं होतं, मावशी, तुम्ही हे काय केलंत. तिचं बरोबर होतं. ते चित्र सुंदर होतं, मीही त्याच्याकडे बघत लहानाची मोठी झाले, आणि आता त्या जागी बघवत नाही.

“तुमच्याकडं फोटू हायेत ना?” लंका म्हणाली. “मंग बघा की. त्यात मीबी हाय.”

अंगदने जामखेडहून एक पेंटर आणला. त्याने दगडावर सिमेंट लावून नवीन तोंड काढलं: गोरंपान, टपोरे उघडे डोळे, लाल ओठ, नाकात नथ. ते ना साहेबाच्या पिसाऱ्याला शोभलं, ना अश्विनीशी जुळलं. पोरगी त्याखाली दोन पुनवा बसली. लोक येऊन वर बघायचे, तिच्याकडे बघायचे, कुजबुजायचे, लवकर निघायचे. मग येईनासे झाले. चहाची टपरी बंद पडली, नारळवाला गेला. टपरीवाल्याने, नारळवाल्याने आणि आणखी पाचपन्नास जणांनी लंकाशी बोलणं टाकलं. दुकानात ती उभी राहिली की दुकानदार आत निघून जायचा.

दिवाळी झाल्यावर अंगदने ऊसतोडीच्या मुकादमाला होकार दिला. टोळीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. लंकाला गावात ठेवून भागणार नव्हतं, म्हणून तीही निघाली. मी म्हणाले, अश्विनीला माझ्याकडे ठेवा, सहावी होऊ दे तिची. राजेश्वरी म्हणाली, “आन् ओमला फडात कोन सांभाळंल?” ओम तिचा धाकटा, तेव्हा नुकता चालायला लागलेला. ट्रॅक्टर आला, त्यात भांडी, पत्रे, कोंबड्या चढल्या, अश्विनी ओमला कडेवर घेऊन चढली. लंका सगळ्यांत शेवटी.

पुढे दोन महिन्यांनी मला बेलापूरला बहिणीकडे जायचं होतं. तिथून जवळच यांची टोळी उतरल्याचं कळलं, म्हणून मी भाकरी-चटणी बांधून गेले. कालव्याच्या कडेला उसाच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या होत्या. अश्विनी एका कोपीपुढे दगडावर बसली होती, ओम तिच्या पायांवर झोपलेला. तिचे केस आता कापलेले होते, नीट विंचरलेले.

“शाळा हाय का गं जवळ?” मी विचारलं.

“हाय. दोन दिस गेल्ते.”

“मग?”

“ओम रडतो.” ती माझ्याकडे बघत नव्हती. ओमवरची माशी हाकलत म्हणाली, “माज्या पाया पडायला म्हातारी म्हातारी मानसं यायची. जरीचा परकर हुता. आत्याला बघवलं न्हाई.”

लंका मागून येत होती. तिने ते ऐकलं. तिचे पांढरे केस मानेपर्यंत वाढले होते, चेहरा उन्हाने करपला होता, उसाच्या पात्यांनी हात चिरले होते. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि पाणी प्यायली.

“तिला आसंच वाटनार,” ती हळूच म्हणाली. “मलाबी वाटायचं, पहिलं वरीस. लई भारी वाटायचं.”

“तिला सांग ना मग.”

“सांगितलं. तिला वाटतं, माझं गेलं म्हनून मी तिचंबी घालवलं.” तिने भाकरी उघडून एक तुकडा मोडला आणि तो अश्विनीपुढे धरला. पोरीने तोंड फिरवलं. लंकाने तो ओमसाठी ताटलीत ठेवला.

मला तिला विचारायचं होतं, की तिला पस्तावा होतो का. विचारलं नाही. तिने विचारलं, अंगणवाडीत यंदा पोरं किती आहेत. मी सांगितलं. बांधापलीकडे ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. अंगदने तिकडूनच हाक मारली, “आक्का, मोळ्या.”

ती उठली, फडक्याची चुंबळ करून डोक्यावर ठेवली आणि फडाकडे गेली. ट्रॉलीला टेकवलेल्या फळीवरून माणसं मोळ्या घेऊन चढत होती. लंका चढली तेव्हा फळी वाकली, ती थोडी थांबली, मग वर गेली आणि मोळी टाकून दुसरीसाठी खाली आली. मी तिथे बराच वेळ उभी होते. पुन्हा बोलायला तिला सवड झाली नाही, आणि माझी बेलापूरची गाडी यायची होती.